स्लॅबखालचा उन्हाळा

मे महिन्यात नागपुरात रात्री साडेनऊला जेवणं आटोपलेली असतात, पंखा पाचावर फिरत असतो आणि तरी पाठ गादीला टेकवत नाही. उशी तापलेली, चादर तापलेली, टाकीतून नळाला येणारं पाणीसुद्धा गरम. अशा वेळी स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून पाहावा. सूर्य मावळून तीन तास होत आले, अंगणातल्या वाऱ्याची धग उतरली, पण स्लॅब मात्र ताप भरलेल्या माणसाच्या कपाळासारखा हाताला लागतो. पंखा त्याच तापलेल्या छताखालची हवा ढवळून खाली ढकलत असतो. घर थंड ठेवायचं म्हटलं की आधी कूलर आणि मग एसी आठवतो. खरं काम असतं ते त्या हाताला लागलेल्या छताचं.

याचं कारण आभाळात आहे. शाळेतली मुलं दरवर्षी 'शून्य सावली दिवस' पाळतात. पाण्याची बाटली उभी करून ठेवायची आणि भर दुपारी तिची सावली तिच्याच बुडाखाली गायब झालेली पाहायची. मुंबई-पुण्यात हा दिवस मेच्या मध्याला येतो, नागपुरात २६ मेच्या सुमारास. म्हणजे विदर्भात ज्या दिवसांत 'नवतपा' सुरू होतो, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, नेमका तेव्हाच तो डोक्यावर काटेकोर उभा असतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही याच आठवड्यात. सूर्य डोक्यावर असला की दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. सकाळी पूर्वेची भिंत तापते आणि दुपारनंतर पश्चिमेची. गच्ची मात्र सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत एकटी सगळं ऊन झेलते.

किती ऊन? मे महिन्यात निरभ्र दिवशी सपाट छताच्या एका चौरस मीटरवर साधारण सहा ते सात युनिट ऊर्जा पडते. इथलं युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच, किलोवॉट-तास. दहा बाय बाराच्या एका खोलीचं छत अकरा चौरस मीटरचं. त्यावर दिवसभरात सत्तर युनिट ऊन ओतलं जातं. ज्या घरात दोन पंखे, टीव्ही आणि छोटा फ्रिज आहे, त्या घराचं महिन्याचं बिलही कित्येकदा एवढ्याच युनिटचं असतं.

अर्थात हे सगळं खाली उतरत नाही. बरंचसं वाऱ्याबरोबर निघून जातं, काही छत आकाशाकडे परत फेकतं. पण पावसाळ्यांनी काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग उन्हाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग शोषून घेतो आणि दुपारी साठ अंशांपर्यंत तापतो. वर साठ, खाली खोलीत तीस ठेवायची इच्छा, आणि मधे फक्त पाच इंचांचं काँक्रीट. साधा हिशेब केला तरी त्या एका खोलीत भर तापाच्या वेळी छतातून हजार वॉटच्या आसपास उष्णता उतरते. बादलीत पाणी तापवायचा रॉड छताला टांगून चालू ठेवावा, तशी. आणि त्याच खोलीत एसी लावला तर एक टनाच्या यंत्राची साधारण तिसरा हिस्सा ताकद त्या रॉडशी झुंजण्यातच जाते.

काँक्रीटचा आणखी एक स्वभाव आहे, तो त्रासाचा. ते लगेच तापत नाही आणि लगेच निवतही नाही. दुपारी एक-दोनला गच्चीवर जमलेली उष्णता खालच्या बाजूला पोचायला तीन-चार तास घेते. म्हणून वरच्या मजल्यावरची माणसं संध्याकाळी घरी येतात तेव्हा घर सर्वांत जास्त तापलेलं असतं, आणि झोपायच्या वेळी स्लॅब दिवसभराचं ऊन खाली ओकत असतो.

जुन्या घरांची भिंत आणि छत हाच उशीर फायद्यात वापरत. मराठवाड्यातलं आणि सोलापूरकडचं माळवद, खानदेश-विदर्भातलं धाब्याचं घर पाहावं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर हातभर पांढऱ्या मातीचा थर. भिंती दोन-दोन हात जाडीच्या. दिवसाची उष्णता त्या मातीतून आत झिरपेपर्यंत मध्यरात्र उलटायची; तोवर घरातली माणसं गच्चीवर किंवा अंगणात बाजा टाकून झोपलेली असत. पहाटेचा गारवा पुन्हा मातीत मुरे आणि दुपारी माजघरात तोच उपयोगी पडे. पाच इंचांच्या स्लॅबला मातीइतका उशीरही करता येत नाही आणि पत्र्यासारखं पटकन निवताही येत नाही. दोन्हींकडचं वाईट तेवढं त्याने घेतलं आहे. त्यात असुरक्षिततेच्या आणि डासांच्या धास्तीने गच्चीवरचं झोपणंही शहरांत बहुतेक बंद झालं. माणूस स्लॅबखाली अडकला तो असा.

मग करायचं काय? सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग. पांढरा म्हणजे खरोखर पांढराशुभ्र. ताज्या चुन्याचा पृष्ठभाग उन्हाचा पाऊण भाग किंवा त्याहून अधिक परत फेकतो. साठ अंशांवर जाणारी गच्ची मग चाळिशीच्या थोडी वर राहते, दुपारी अनवाणी चालता येतं. खोलीतला फरक घरानुसार दोन ते पाच अंशांचा पडतो. आकडा छोटा वाटतो. पण ३९ अंशांच्या खोलीत दुपार काढलेल्या माणसाला ३५ अंश म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

चुन्याचं काम घरच्या घरी होतं, पण ते नीट करावं लागतं. चुनकळी पत्र्याच्या जुन्या टीपात घालून वर पाणी ओतलं की ती फसफसते, तडकते, वाफा सोडते. पाणी अक्षरशः उकळतं. म्हणून प्लॅस्टिकची बादली नको आणि लहान मुलं जवळ नकोत. चुना डोळ्यांत गेला तर कायमची इजा होऊ शकते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना रात्रभर राहू द्यायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळायचा म्हणजे तो चप्पल-बुटांना लागून निघत नाही. गच्ची आधी खराट्याने घासून, धुऊन, ओलसर असतानाच सूर्य मावळल्यावर पहिला हात मारायचा. भर उन्हात तापलेल्या स्लॅबवर लावलेला चुना धरायच्या आतच वाळतो आणि दुसऱ्या दिवशी भुकटी होऊन उडतो. दुसरा हात आडव्या दिशेने. होळीनंतरच्या आठवड्यात हे केलं की पाऊस येईपर्यंतची सोय झाली. पाऊस तो धुऊन नेतो, दरवर्षी पुन्हा करावं लागतं. बाजारात मिळणारे परावर्तक रंग, ज्यांना दुकानात 'कूल रूफ पेंट' म्हणतात, काही वर्षं टिकतात. पण धूळ बसली की तेही मळतात. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, गच्ची धुणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पांढरेपणाची शर्यत प्रयोगशाळांतही चालू आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा एक रंग तयार झाला; तो ९८ टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परत फेकतो.

या साध्या गोष्टीचं मोल अहमदाबादला फार मोठी किंमत मोजून कळलं. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाले, असं नंतरच्या अभ्यासातून दिसलं. शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला, तो दक्षिण आशियातला पहिला. त्यात इशारे होते, पाणपोया होत्या, दवाखान्यांची तयारी होती. २०१७ पासून त्यात छतंही आली. महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी झोपडवस्त्यांतल्या बायकांबरोबर काम करून पत्र्यांवर आणि स्लॅबवर पांढरा रंग चढवला. शिवणकाम, विड्या, उदबत्त्या असं काम घरी बसून करणाऱ्या बाईसाठी छत हीच तिच्या कारखान्याची हवा असते, ही गोष्ट या कामातून ठळक झाली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच आणलं, २०२८ पर्यंतचं. विदर्भाच्या शेजारचं राज्य हे करू शकतं, तर चंद्रपूर-अकोल्याच्या महापालिकांनाही ते अशक्य नाही.

पत्र्याच्या घराची गोष्ट मात्र निराळी. नवा पत्रा चकाकतो, म्हणून तो ऊन परत फेकून थंड राहील असं वाटतं. तो बरंच ऊन परत फेकतोही. पण उरलेली उष्णता आकाशाकडे सोडायला उघडा धातू फार नाखूश असतो. त्यामुळे चकचकीत पत्राही भाजून निघतो आणि त्याच्याखाली बसणाऱ्याला डोक्यावर शेगडी धरल्यासारखं होतं. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन फेकतो आणि उष्णताही सोडतो. पत्र्याखाली बुरडाकडून आणलेला बांबूचा तट्टा वीतभर अंतर सोडून बसवला आणि मधल्या पोकळीतली हवा दोन्ही टोकांना निघून जाऊ दिली, तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. मोकळी हवा वाहती ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर पोकळीच भट्टी होते. वस्त्यांतून पत्र्यावर भिजलं गोणपाट टाकतात, तेही चांगलं काम करतं. पण जिथे पिण्याचं पाणी टँकरने येतं, तिथे हा उपाय सुचवायला जीभ रेटत नाही.

नवीन घर बांधणाऱ्यांना किंवा गच्चीचं मोठं काम काढणाऱ्यांना पुढे जाता येतं. ब्रिकबॅट कोब्याने गच्चीचा उतार निघतो आणि विटांच्या तुकड्यांमुळे उष्णतेला थोडा अडसरही होतो. त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची चायना मोझॅक बसवली तर दरवर्षीचा चुना वाचतो. अडसर खरा हवा असेल तर स्लॅबच्या वर दोन इंचांचे फोमचे बोर्ड आणि त्यांवर कोबा. उघड्या स्लॅबमधून दर अंशाला दर चौरस मीटरमागे तीन वॉटहून जास्त उष्णता झिरपते; केंद्र सरकारच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये छतासाठी कमाल मर्यादा आहे १.२ वॉटची. नुसत्या स्लॅबने ती पाळली जाऊच शकत नाही, वर काहीतरी घालावंच लागतं. आणि ते वरच घालावं. खाली पीओपीची फॉल्स सीलिंग केली तर खोलीला थोडा आराम मिळतो, पण स्लॅब उन्हात भाजत राहतोच. अंग झाकायचं सोडून उन्हातच पांघरूण पाठीखाली घेण्यासारखं ते आहे.

छतानंतरचं दुसरं काम पश्चिमेचं. चार बाय चार फुटांच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारला पाचशे वॉटच्या वर ऊन घरात शिरतं. बहुतेक घरांत त्याला उत्तर म्हणून आत जाड पडदा असतो. पण काच सूर्यप्रकाश आत येऊ देते आणि तापलेल्या पडद्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पडदा आतून तापतो आणि ती धग खोलीतच राहते. तोच पडदा खिडकीबाहेर असता तर धग बाहेरच्या बाहेर गेली असती. म्हणून बांबूचे चिक, गोणपाट, हिरवी नेट, जे काही लावायचं ते काचेच्या बाहेर, भिंतीपासून थोडं सुटं. आडवा छज्जा दुपारी बाराच्या उन्हाला पुरतो. चार वाजताचं ऊन तिरपं येतं, ते छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. पश्चिमेला उभा आडोसाच लागतो.

जागा असेल तर तो आडोसा कडुलिंबाचा असावा. हे झाड शिशिरात पानं गाळतं आणि गुढीपाडव्याला त्याची कोवळी पालवी आरतीच्या तबकात येते. म्हणजे चैत्राचं ऊन चढायला लागतं तेव्हा ते सावलीला तयार असतं. थंडीत जेव्हा ऊन हवंसं वाटतं, तेव्हा विरळ. वाढायला वर्षं लागतात, तोवर मधुमालतीचा किंवा घोसाळ्याचा वेल जाळीवर चढवला तर दोन-तीन महिन्यांत भिंत झाकते. कोकणात अंगणात झापांचा मांडव घालतात, तो अंगण आणि पडवी दोन्ही उन्हापासून वाचवतो, आणि पडवी सावलीत राहिली की आतल्या भिंतीवर ऊन पोचत नाही.

वाऱ्याचं वेळापत्रक विदर्भातल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी नऊच्या आत दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, संध्याकाळी सातनंतर सताड उघड्या. मेमध्ये नागपुरात दुपारचं सरासरी तापमान बेचाळीसच्या वर असतं आणि पहाटेचं अठ्ठावीसच्या आसपास. हा चौदा अंशांचा फरक फुकट मिळणारी थंडी आहे, पण ती फक्त रात्रीच आत घेता येते. मुंबई, रत्नागिरीत हा फरक मोठा नसतो. तिथे घर बंद करून बसलं तर घाम वाळत नाही. दमट हवेत समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवून अंगावरून वारा खेळता ठेवणं, हाच नियम. एकाच राज्यात दोन उलटे नियम चालतात, म्हणून कोणाचा तरी पाहून घेतलेला उपाय दुसऱ्याच्या घरी बिघडतो.

कूलरचंही तसंच. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना हवेतली सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं, आणि कूलरच्या पंख्या-पंपाला वीज लागते दीड-दोनशे वॉटची. ४३ अंशांच्या आणि पंधरा टक्के आर्द्रतेच्या नागपुरी दुपारी चांगला डेझर्ट कूलर २७-२८ अंशांचा वारा देतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत तोच कूलर मुश्किलीने चार अंश उतरवेल आणि खोली चिकट करेल. कूलर लावून दार-खिडक्या घट्ट बंद करणं ही विदर्भात सर्रास होणारी चूक. ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी लागते, नाहीतर तासाभरात घराचीच मुंबई होते. ताट्या दरवर्षी बदलाव्यात. वाळ्याची असेल तर पहिल्या पाण्याला घरभर सुगंध दरवळतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लोखंडी कूलरला अर्थिंग. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत पाणी भरायला गेलेली मुलं असतात. पाणी भरण्याआधी पिन काढलीच पाहिजे, आणि घराच्या वायरिंगमध्ये वीज गळताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवण्याचा खर्च कूलरच्या खर्चातच धरला पाहिजे.

पंखा खोली थंड करत नाही, माणसाला करतो; रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा फक्त मोटरची ऊब देतो. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा उलट गरम झोत अंगावर मारतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही त्या तापमानाला पंख्यावर विसंबू नका, असं सांगते. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला अठरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला चोवीस युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात शंभर युनिटनंतर दर चढतो, तेव्हा तीन पंखे बदलले की बिल खालच्या टप्प्यात राहू शकतं.

एसी लागतोच अशी घरं आहेत. म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी माणूस असेल तर लावावाच, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. फक्त तो २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी चालू होताना २४ वरच येतात ते यासाठीच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. 'टन' हा शब्द बर्फाच्या काळातला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढं काम म्हणजे एक टनाचा एसी. छत पांढरं असेल तर दीड टनाच्या जागी एक टनात भागू शकतं, आणि यंत्र घेण्याआधी छत करण्यामागे हाच हिशेब आहे.

अडचण येते ती फ्लॅटमध्ये. गच्ची सगळ्या सोसायटीची आणि ताप फक्त वरच्या मजल्याचा. सर्वसाधारण सभेत वरच्या मजल्यावरचा माणूस चुन्यासाठी पैसे मागायला उभा राहिला की बाकीचे घड्याळ पाहतात. त्याने उकाड्याबद्दल बोलूच नये. गळतीबद्दल बोलावं. दिवसा साठ आणि पहाटे अठ्ठावीस अंश असा रोज ताणला आणि आकसला जाणारा स्लॅब बारीक तडकतो, त्या तडांतून पावसाळ्यात पाणी मुरतं, आणि सळया गंजायला लागल्या की खर्च सगळ्यांच्या खिशातून जातो. पांढऱ्या गच्चीत हा ताण बराच कमी होतो. बहुतेक सोसायट्या चार-पाच वर्षांनी वॉटरप्रूफिंग काढतातच, आणि ठेकेदार सवयीने विटकरी रंगाचा कोट मारून जातो. तोच कोट पांढरा मागवता येतो. कोटेशन मागवतानाच त्यात रंग लिहून घ्यावा आणि सभा फेब्रुवारीत घ्यावी, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात गच्ची धुऊन तयार असेल.